काकू रडल्या नव्हत्या

वाळूचा खड्डा खणला तेव्हा मी अकरावीत होते. खणणारे होते बाबा आणि त्यांच्या कंपनीतले सहा-सातजण. त्यांनी सलग तीन शुक्रवार घातले, कारण आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी असते. अंबरनाथला, आनंदनगरच्या एमआयडीसीच्या कडेला, शेवटच्या कारखान्याची भिंत आणि आमच्या तीन मजली इमारती यांच्यामध्ये एक सपाट तुकडा मोकळा पडला होता. वाळू एका बांधकामावरची उरलेली, मागून आणलेली. तिच्यात खडे फार. बांधकामाच्या जाळीतून ते सुटून जात, म्हणून समोरच्या काकूंनी घरातली गव्हाची चाळण आणली आणि सगळी वाळू पाटीपाटीने चाळली. उडीची फळी कंपनीत मशीन ज्या खोक्यातून आलं त्या खोक्याची होती. तिच्यावर 'ही बाजू वर' असा काळा बाण छापलेला होता. तो बाण बाबांनी मुद्दाम उडीच्या दिशेने बसवला.

हे सगळं काकूंच्या मुलीसाठी. तिला तिहेरी उडी मारायची होती. धावत यायचं, फळीवरून उडून त्याच पायावर उतरायचं, तिथून दुसऱ्या पायावर, आणि तिथून वाळूत. शाळेच्या पीटीच्या सरांनी तिच्यात ते पाहिलं होतं, पण शाळेत खड्डा नव्हता. तिचे वडील ती सातवीत असताना गेले. काकू एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जात. मी तिच्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून मी ताई. माझी ओळख एवढीच पुरे, पण बाबांची थोडी जास्त करून द्यायला हवी.

बाबा पत्रकं लिहायचे. कामगारांच्या संघटनेचं पत्रक म्हटलं की लोक आमच्या घरी यायचे, कारण त्यांचं अक्षर आणि डोकं दोन्ही सरळ होतं. उल्हासनगरच्या एका गल्लीत जीन्सच्या कारखान्यांच्या मधोमध एका सिंधी काकांचा छापखाना आहे, तिथे छपाई व्हायची. ओल्या शाईचे गठ्ठे घरी आले की मी आणि बाबांच्या एका सहकाऱ्याचा मुलगा, आम्ही दोघं जमिनीवर बसून घड्या घालायचो. दोन घड्या, मथळा बाहेर. मी वाचायला शिकले ते त्या कागदांवर. 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे मला 'एक होता राजा'च्या आधी येत होतं.

बाबांचे दोन नियम होते. पहिला, ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला छापण्याआधी वाचून दाखवायचं, आणि तो नको म्हणाला ते वाक्य खोडायचं. दुसरा, मागणी शेवटी आणि चौकटीत. आधी हकिगत, मग कारण, मग चौकट. माणूस हकिगत वाचत खाली येतो आणि चौकटीवर थांबतो, असं ते सांगायचे. ज्या कागदाला चौकट नाही ती जाहिरात.

त्या घड्या घालणाऱ्या मुलाला हे दोन्ही नियम माझ्याइतकेच पाठ होते. म्हणूनच पुढचं सगळं मला अजून गिळता येत नाही.

काही वर्षांनी परदेशातल्या एका मोठ्या, अनेक खेळांच्या स्पर्धेसाठी ती देशाच्या संघात निवडली गेली, त्याच आठवड्यात मैदानाच्या लोखंडी फाटकावर नोटीस लागली. ती जागा ज्या कार्यालयाच्या ताब्यात होती त्यांना तिथे ट्रकांचा तळ करायचा होता. हरकती असतील तर महिन्याभरात द्या, मग सुनावणी. आमच्याकडे कारखान्यांचे ट्रक रस्त्यावर उभे असतात हे खरं, त्यांना जागा हवी हेही खरं. पण एमआयडीसीत रिकामे, बंद पडलेले प्लॉट किती आहेत हे शाळेतलं पोरही दाखवील.

तोवर त्या खड्ड्यात ती एकटी राहिली नव्हती. शाळेतल्या अकरा मुली रोज संध्याकाळी तिथे यायच्या आणि ती त्यांना शिकवायची. म्हणून नोटीस वाचून तिनेच आम्हाला धीर दिला. तिचं म्हणणं, आता माझ्याकडे लोक येतील, मला विचारतील, मी दुसरं काही बोलणारच नाही. देशाचा टी-शर्ट घालून मैदानाचं बोलले तर कोण नाही म्हणेल.

आणि लोक आलेच. सगळ्यांत आधी आला तो, माझ्याबरोबर घड्या घालणारा. त्याच्या घरचे आता बदलापूरला नव्या टॉवरमध्ये राहतात आणि तो एका मराठी वृत्तवाहिनीत खेळाच्या बातम्या करतो. फोनवर मी त्याला एकच अट घातली, मैदान दाखवायचं आणि नोटीस दाखवायची. तो हसला. म्हणाला, अगं, चौकट विसरेन का मी, बाबांच्या हातचे फटके खाल्लेत.

तो कॅमेरावाल्याला घेऊन सकाळी आठला आला. बाबांच्या पाया पडला, काकूंच्या हातचे पोहे खाल्ले. मग मैदानावर तिने चार-पाच उड्या मारल्या. तिच्या पायात संघाकडून मिळालेले स्पाइक्सचे बूट होते, नारिंगी, नवेकोरे. त्याने मला बाजूला घेतलं. बुटांत ती टीव्हीवर इतर कुठल्याही खेळाडूसारखी दिसते, म्हणाला. एक उडी अनवाणी मारू दे. ती लहानपणी अशीच मारायची ना, मग खोटं काय त्यात.

मी त्याला नाही म्हणायला हवं होतं. तिने तर म्हटलंच. ती म्हणाली, "ताई, बूट आहेत ना माझ्याकडे. मग का काढू?"

मी तिला समजावलं. लोक आधी बघतात आणि मग ऐकतात, एकदा बघू दे त्यांना. मी पत्रकांवर वाढलेली, मला वाटायचं हकिगत जितकी जळजळीत तितकी चौकट पक्की. तिने बूट काढले, फळीशेजारी नीट जोडीने ठेवले आणि अनवाणी धावत आली. कॅमेरावाल्याने ते बूट उचलून चौकटीबाहेर ठेवले. म्हणजे त्याच्या चौकटीबाहेर.

मग ती बोलली. कोणी लिहून न देता, फाटकावरच्या नोटिशीसमोर उभी राहून बोलली. खड्डा कोणी खणला, वाळू कोणी चाळली, आता किती मुली येतात, सगळ्यांत जवळचं दुसरं मैदान गाठायला किती गाड्या बदलाव्या लागतात. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. मान हलवत राहिला. मला वाटलं, झालं आपलं काम.

दुपारी ते एमआयडीसीची दृश्यं घेत फिरले आणि काकूंची पाळी सुटल्यावर त्यांचं बोलणं घ्यायला परत आले. आमच्याकडे संध्याकाळी पाच-साडेपाचला कधीकधी वास सुटतो. कुठल्या कारखान्याचा ते कोणी सांगत नाही. आंबट, नाकात टोचणारा, आणि लगेच डोळे चुरचुरतात. इथली माणसं त्याला सरावलेली आहेत. खिडक्या लावतात, ओला रुमाल घेतात आणि अर्ध्या तासाने परत उघडतात. त्या दिवशी काकू खुर्चीत बसल्या आणि वास आला. त्या कॅमेऱ्याकडे बघत सांगत होत्या की मुलगी गेली की तिच्या अकरा पोरींना मीच मैदानावर नेणार आहे, आणि सांगता सांगता त्यांचे डोळे घळाघळा वाहायला लागले. माझेही. कॅमेरावाल्याचेही, तो शर्टाच्या बाहीने पुसत होता. काकू म्हणाल्या, "मेला वास सुटला परत. खिडकी लाव गं." मी उठून खिडकी लावली. कॅमेरा चालू होता.

बातमी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाखवणार होते. आमच्या घरी इमारतीतली बारा-चौदा माणसं जमली. ती तोवर शिबिरासाठी निघून गेली होती. काकू पुढे सतरंजीवर बसल्या.

आधी एक विमान दाखवलं, मग झेंडे, मग आगीच्या ज्वाळांतून वर येणारा कप, जो त्या स्पर्धेत मिळतच नाही. निवेदक म्हणाला, रणांगण सज्ज आहे. शेजारच्या देशाच्या खेळाडूचा फोटो लाल रंगात आणि आमच्या मुलीचा निळ्या. मग संथ बासरी. मग तिचे अनवाणी पाय, जवळून, हळूहळू, चारदा. मग आवाज: अंबरनाथच्या या लेकीकडे बूटही नव्हते, पण स्वप्न होतं. मग काकू. खिडकीचं वाक्य कापलेलं. डोळे वाहतायत आणि खाली पट्टी: आईच्या डोळ्यांत आनंदाश्रू. संपलं.

तिच्या तोंडचा एक शब्द नव्हता. मैदान दिसलं, पण उदास पिवळ्या रंगात, शेजारचा नाला आणि कारखान्यांच्या चिमण्यांसकट. नोटीस नव्हती. फाटकच नव्हतं.

तळमजल्यावरच्या एका आजोबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि कोणी साथ देत नाही बघून थांबले. काकू माझ्याकडे वळल्या. त्यांना खरंच समजत नव्हतं. "मी कधी रडले?" त्यांनी विचारलं.

बाबांनी टीव्ही बंद केला आणि एवढंच म्हणाले, "मागणी कुठाय?"

मी त्याला फोन केला. चार वेळा उचलला नाही, पाचव्यांदा उचलला. तो चिडला नाही, उलट दमल्यासारखा बोलत होता. दीड मिनिट मिळालं होतं यार, त्यात मैदान नाही बसत. वरून सांगतात, तक्रार नको, स्पर्धा येतेय, माहोल पॉझिटिव्ह ठेवा. तू बघ, आधी ही व्हायरल होऊ दे, मग मैदानाची वेगळी स्टोरी करू. मी त्याला विचारलं, वासाने आलेलं पाणी आनंदाश्रू कसं झालं. तो म्हणाला, "डोळ्यांतलं पाणी आहे ना ते? मी कुठे ग्लिसरीन घातलं?"

मी तेव्हाच लिहायला बसले. मोबाइलवरच. पत्रकच लिहिलं मी, फक्त कागदाऐवजी माझ्या पानावर टाकण्यासाठी. पहिलं वाक्य होतं: 'अनवाणी पायांची ती उडी तुम्ही पाहिलीत, त्या आईचे वाहणारे डोळे पाहिलेत.' त्यानंतर हकिगत, बुटांची, वासाची, खड्ड्याची. मग कारण. आणि सगळ्यांत शेवटी, उभ्या-आडव्या रेघा जोडून केलेल्या चौकटीत, मागणी: मैदान वाचवा, अमुक तारखेच्या आत अमुक पत्त्यावर हरकत पाठवा. वर वाहिनीवरच्या बातमीतलं एक चित्र लावलं, पायांचंच, म्हणजे लोकांना कळावं कशाबद्दल आहे. काकूंना वाचून दाखवलं नाही. त्या झोपायला गेल्या होत्या आणि मला दम नव्हता.

सकाळी माझा मोबाइल गरम झाला होता. माझं लिखाण मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं इतक्या ठिकाणी गेलं होतं. मी खूश झाले, खोटं कशाला बोलू. मग प्रतिक्रिया वाचायला लागले. हात जोडलेले. झेंडे. सलाम त्या माउलीला. अशा मुलीच देशाचं नाव करतात, शहरातल्या मुलींनी शिकावं. कोणीतरी बूट पाठवायला पत्ता मागत होतं. मैदानाबद्दल एक शब्द नाही. शंभर प्रतिक्रिया खाली गेले तरी नाही.

मला कळायला दुपार झाली. बाबांनी आपला जुना चष्मा लावून माझा लेख त्यांच्या मोबाइलवर उघडायचा प्रयत्न केला आणि मला विचारलं, "हे इथेच संपतं का गं?" त्यांच्या पडद्यावर चित्र होतं, चित्रावर माझी पहिली अडीच वाक्यं होती आणि पुढे फिक्या अक्षरांत 'अधिक वाचा'. लोकांनी ते दाबलंच नव्हतं. कागद हातात घेतलेला माणूस खाली येतो, मोबाइल धरलेला माणूस बोटाने सगळं वर सरकवतो. मी बाबांचा दुसरा नियम तंतोतंत पाळला होता आणि त्यामुळे आमची चौकट कोणालाच दिसली नव्हती. पहिला नियम पाळला असता तर काकूंनी ते पहिलंच वाक्य खोडायला लावलं असतं. वाहणारे डोळे हे शब्द माझे होते. वाहिनीने जे दीड मिनिटात केलं ते मी अडीच वाक्यांत पुढे चालवलं होतं.

मी लेख बदलला, मागणी वर घेतली. पण तोवर लोक पहिलाच उचलून पुढे पाठवत होते, माझ्या नावाशिवाय, चित्रासकट. आठवड्याने मैदानाच्या फाटकावर तिच्या अभिनंदनाचा मोठा फलक लागला. एका पुढाऱ्याचा हसरा चेहरा, शेजारी तिचे पाय, आणि माझं वाक्य जसंच्या तसं. फलक बरोबर नोटिशीवर बांधला होता.

स्पर्धा सुरू झाली. त्या दिवसांत मी वर्तमानपत्रं आणि टीव्ही ज्या डोळ्यांनी पाहिलं, ते डोळे मला पुन्हा मिटता येत नाहीत. किती देश, किती खेळ, किती माणसं आली होती, आणि आमच्यापर्यंत फक्त युद्ध पोचत होतं. धूळ चारली, नांगी ठेचली, हिशेब चुकता केला. पदकांचा तक्ता रोज पहिल्या पानावर, आणि ज्या खेळात पदक नाही तो खेळ झालाच नाही. जिंकली की देशाची लेक, हरली की फक्त आडनाव. मोबाइलवर याच्याही पुढे. तिने सरावाच्या मैदानावरचा एक फोटो टाकला होता. शेजारच्या देशाच्या उडीवाल्या मुलीबरोबर, दोघी जीभ बाहेर काढून. धाव कुठून घ्यायची त्या खुणेची हिची चिकटपट्टी संपली होती, तिने आपली दिली. खाली जे लिहिलं गेलं ते मी इथे लिहिणार नाही. दोन तासांत हिने फोटो काढून टाकला.

तिची स्पर्धा आमच्या दुपारी होती. काकूंनी रजा टाकली. तिहेरी उडीला तास-दीड तास लागतो आणि टीव्हीवर तो कधीच सलग दाखवत नाहीत. कॅमेरा धावण्याच्या शर्यतीवर, मग कुस्तीवर, मग स्टुडिओत चार माणसांवर. आम्ही तिची एकही उडी पाहिली नाही. तिच्या तीन संधी होत्या, त्यातून पहिल्या आठजणींत यायचं होतं. पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या ओळीत आम्हाला कळलं की ती बाहेर पडली. दोन उड्या फाऊल, म्हणजे फळी ओलांडलेल्या, एक आखूड. काकू ओळ परत येईपर्यंत थांबल्या, परत वाचली, आणि कुकर लावायला उठल्या.

त्या संध्याकाळी वाहिनीने काकूंना पुन्हा दाखवलं. तीच खुर्ची, तीच साडी, तेच पाणी. फक्त रंग काढून टाकलेला आणि बासरीऐवजी व्हायोलिन. खाली पट्टी: स्वप्नभंग, आईला अश्रू अनावर.

एकच पाणी त्यांनी दोनदा विकलं.

त्यानंतर दोन दिवस भाजीवालीपासून कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळे काकूंचं सांत्वन करत होते. त्या प्रत्येकाला सांगायच्या, मी रडले नाही. लोक म्हणायचे, असू दे हो, आईचं काळीज. मोबाइलवर दुसरंच चाललं होतं. आधी नाटक, मग उडी. बूट मिळाले तरी फळी दिसेना. रडक्या मायलेकी. काकूंपर्यंत ते पोचत नव्हतं असं मी समजत होते. त्यांच्या पॅकिंगच्या टेबलावरच्या बायकांनी त्यांना वाचून दाखवलं होतं. एका संध्याकाळी त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "तिचे बाबा गेले तेव्हा पाहुण्यांसमोर मी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. पोरीला दाखवायचं होतं, आपण पडत नाही. आता सगळ्या जगाला मी रडताना माहीत आहे."

त्या तशाच समोर आपल्या घरी गेल्या.

सुनावणी ती परतल्यानंतर चार दिवसांनी झाली. बाबा, मी, ती आणि शाळेचे सर. हरकती आल्या होत्या, पण थोड्या, इमारतींमधल्याच. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी तिला ओळखलं, उभं राहून अभिनंदन केलं, चहा मागवला. मग बाबांनी आपलं निवेदन वाचलं. साहेब शांतपणे ऐकत होते. संपल्यावर त्यांनी मोबाइल काढून आमच्याकडे वळवला. वाहिनीचीच बातमी. पिवळी माती, नाला, धूर, अनवाणी पाय.

ते म्हणाले, हे बघा, हे तुम्हीच दाखवलंय. अशा जागेत मुलींनी खेळावं का? रसायनाचा वास, बूट नाहीत, खड्ड्यात कसली वाळू. ही जागा खेळायला योग्य नाही हे तुमच्याच बातमीवरून सिद्ध होतं. मी तर म्हणतो, मुलींच्या भल्यासाठीच इथे ट्रक बरे.

बाबा कितीतरी पत्रकांचे, कितीतरी गेटसभांचे माणूस. त्यांनी हातातलं निवेदन टेबलावर उलटं ठेवलं. तिने मात्र सांगायचा प्रयत्न केला की बूट होते, ती एक उडी चित्रीकरणासाठी होती. साहेब हसले. म्हणजे खोटं होतं म्हणता?

तिने चहाचा कप तसाच बाजूला सारला.

बाहेर जिन्यात तिने मला थांबवलं. बाबा आणि सर खाली पोचले होते. "तिकडे संघाच्या मॅनेजर मॅडमनी पण हेच विचारलं. बूट दिले होते ना, मग आमची बदनामी का केलीस. मी काय सांगायचं होतं, ताई? की ताईने सांगितलं म्हणून काढले?" तिने सांगितलं नव्हतं. ते मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. सगळं तिने स्वतःवर घेतलं होतं. मी म्हणाले, तू माझं नाव घ्यायला हवं होतंस. ती म्हणाली, "मला वाटलं, तू घेशील."

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

मी वाहिनीला शिव्या देऊन मोकळी होऊ शकते. त्या देण्यासारख्याच आहेत आणि मी देते, जिथे उभी राहीन तिथे देते. ज्याने माझ्याबरोबर जमिनीवर बसून घड्या घातल्या त्याने आमची चौकट कात्रीने कापली, हे मी विसरणार नाही. पण बूट मी काढायला लावले. आणि काकूंच्या डोळ्यांचा उपयोग करताना त्यांना विचारावं असं मलाही वाटलं नव्हतं. फसवणाऱ्यांच्या यादीत मी स्वतःला शेवटी लिहिलं तर तेही 'अधिक वाचा'च्या खालीच जाईल. म्हणून इथे, सरळ सांगते.

निकाल लेखी यायचा आहे, पण फाटकाच्या आत चुन्याने ट्रकांच्या रेघा आखून झाल्या आहेत. खड्डा अजून आहे. बाबांनी नवं पत्रक लिहायला मला सांगितलं. मी चौकट सगळ्यांत वर घेतली. बाबांनी ते बघून भुवया उंचावल्या. मग मी कागद घेऊन काकूंकडे गेले आणि ओट्यापाशी उभी राहून वाचून दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी थांबवलं. 'गरीब' हा शब्द खोडायला लावला, म्हणाल्या, मी पगार घेते. 'शूर माता' खोडायला लावलं. मग भाकरी उलटत म्हणाल्या, त्यात माझं एक वाक्य घाल. ते मी चौकटीच्या खाली, हकिगतीच्या सुरुवातीला घातलं: मी रडले नव्हते, वास सुटला होता.

छापखान्याच्या सिंधी काकांनी ते वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, बेटा, इसमें फोटो नहीं है? फोटो के बिना आजकल कौन लेता है. मी म्हणाले, फोटो नको. त्यांनी खांदे उडवले आणि नेहमीपेक्षा जाड कागद लावला, त्याच दरात.

गुरुवारी सकाळी पहिल्या पाळीच्या वेळी आम्ही नाक्यावर उभे राहिलो, जिथे रिक्षा कामगारांना आणून सोडतात. मी एका बाजूला, बाबा चहाच्या टपरीजवळ. मी तिला बोलावलं नव्हतं. ती आली, माझ्या हातातून अर्धा गठ्ठा घेतला आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. पायात नारिंगी बूट होते. स्पाइक्स रस्त्यावर घालत नाहीत, खिळे झिजतात. हे तिनेच मला कधीतरी शिकवलं होतं.

एका कामगाराने रिक्षातून उतरता उतरता पत्रक घेतलं, तिच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "तू तीच ना, बूट नसलेली?"

तिने पाय पुढे केला. "बूट आहेत, दादा. मैदान जातंय."

त्याने बुटांकडे पाहिलं, मग कागदाकडे. भोंगा झाला तसा कागदाच्या दोन घड्या घालून खिशात ठेवला आणि गेटकडे पळाला. ती पुढच्या रिक्षाकडे वळली.